इतर खर्च

४ फेब्रुवारी २०१६, गुरुवार

निकालाची नक्कल आज हातात आली. एकोणीस वर्षांचा संसार आणि कागद सगळे मिळून पाच पानं. अंबाजोगाईच्या कोर्टासमोर चहाच्या टपरीवर बसून ती दोनदा वाचली. केजचं घर विमलच्या नावावर. आम्रपाली आईकडे राहणार, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे येणार. तिच्या शिक्षणाचे महिन्याला दोन हजार मी द्यायचे. विमलनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. अंगणवाडीच्या मानधनात भागवते म्हणाली.

लोक विचारतात, कावून झालं असं? काय सांगू! दारू नाही, पत्ते नाहीत, कधी हात उगारला नाही. उलट मी पै न् पैचा हिशेब ठेवणारा माणूस. रोज संध्याकाळी ती घरखर्चाची वही लिहायची, मी लाल पेनानं तपासून सही करायचो. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात पंचवीस वर्षं कारकुनी केली, तीच शिस्त घरात आणली, एवढाच माझा गुन्हा. वकिलाला विमल फक्त "पटत न्हाई" म्हणाली.

स्टँडवर मी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय," ती म्हणाली. "आज सांजच्याला वही लिहायची न्हाई."

दमली असावी.

मला मात्र आज दुःख होत नाही, हे इथं खरं लिहून ठेवतो. वय सत्तेचाळीस आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं घर लावायचंय, पहिल्या खिळ्यापासून. दाखवून देतो, घर कसं चालवतात ते. ही डायरी कारखान्यानं वाटलेली, कोरीच पडली होती. कामाला आली.

७ फेब्रुवारी, रविवार

घर मिळालं! युसूफ वडगावात, दोन खोल्या, वर पत्रे, पूर्वेला खिडकी. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. या दुष्काळात हिरवं काही दिसतं हेच पुष्कळ. कारखाना इथून सायकलवर पाऊण तास. ऊसच नाही म्हणून यंदा गाळप बंद आणि आमचा सात महिन्यांचा पगार थकलेला. पण कारखान्याच्या आवारात चारा छावणी उघडली आहे. कारखान्याचं संचालक मंडळच ती चालवतं. जनावरांची रोजची नोंद ठेवायला टाइम ऑफिसातल्या त्रिंबकला आणि मला घेतलं. महिन्याला सात हजार, रोख. सध्या आठशे बारा जनावरं आहेत. त्रिंबक म्हणतो, "आपुन माणसांची हजेरी घ्यायचो, आता म्हशींची घ्यायची, बे." मला तर बरं वाटतं. म्हैस खाडा करत नाही.

घरमालकीण दगडाबाई, साठीच्या पुढची. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, ही इथं एकटी. तिनं आडनाव विचारलं. "ओव्हाळ," म्हटलं. थोडा वेळ अंगणातल्या रांजणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाडं नऊशे. पानी तुमचं तुमी भरायचं. माझ्या रांजनाला हात लावायचा न्हाई."

मी आठशे म्हटलं. साडेआठशेवर जमलं. रांजणाचं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खोली लई आवडली होती.

१३ फेब्रुवारी, शनिवार

काय दिवस गेला! कामगार पतसंस्थेत माझी एकसष्ट हजारांची ठेव आहे. पगार बंद झाल्यापासून जो तो ठेव काढायला येतोय, म्हणून एका वेळी वीस हजारच देतात. ते घेतले आणि आज केजला गेलो.

घर म्हणजे किती वस्तू! पातेलं घेतलं तर त्याला झाकण नाही. झाकण घेऊन बाहेर पडलो तर आठवलं, गरम पातेलं उचलायला सांडशी नाही. सांडशी घेतली तर चहा कशात गाळायचा? एकाच भांड्याच्या दुकानात तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी दुकानदार हसून म्हणाला, "काय, लग्न हाय का घरात?"

"घटस्फोट," मी म्हणालो.

त्यानं गाळणीचे पैसे घेतले नाहीत.

गॅसची शेगडी, पोळपाट-लाटणं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, दोनशे लिटरचे दोन ड्रम, एक आरसा, आम्रपालीसाठी फुलाफुलांची चादर. सगळं टेम्पोत घालून आणलं. गावातली पोरं बघायला जमली. वरात निघाल्यासारखं वाटलं.

आता अंदाजपत्रक केलं. विमलच्या जुन्या वह्या मी सोबत आणल्यात, सोळा आहेत. गेल्या वर्षीची समोर ठेवली. तीन माणसांना महिन्याला दोन किलो तेल, मग एकट्याला पाऊण किलो. साखर एक किलो. डाळ दीड. प्रत्येक महिन्यात "इतर" म्हणून पंचवीस-तीस रुपये आहेत, आणि दर वेळी पुढं माझं लाल प्रश्नचिन्ह. त्याचा खुलासा कधी मिळाला नाही. माझ्या अंदाजपत्रकात "इतर" हा रकानाच ठेवलेला नाही. ज्याला नाव नाही तो खर्च करायचा नाही.

२४ फेब्रुवारी, बुधवार

तेल संपलं. अकरा दिवसांत पाऊण किलो! तेलात काहीतरी भेसळ असावी, नाहीतर दुकानदाराचा काटा खोटा.

भाकरी मात्र जमायला लागली. पहिल्या आठवड्यात नकाशेच व्हायचे. दगडाबाई दारातून बघून म्हणाली, "आवं बाबू, पीठ मळायला ऊन पानी घ्या. अन् असं भिऊन थापू नका, ती चावत न्हाई." परवा पहिली भाकरी फुगली तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. अशी फुगलेली भाकरी मी एकोणीस वर्षं रोज खाल्ली आणि एकदाही तिच्याकडं बघितलं नव्हतं.

छावणीत बाराशे सहा जनावरं झाली.

६ मार्च, रविवार

आम्रपाली आली! पहिला रविवार. मी पहाटेपासून तयारीला. फरशी पुसली, आरसा पुसला, चादर घातली. साडेनवाच्या बसनं उतरली. चौदा वर्षांची झाली, पण बसच्या पायरीवर लहान दिसली.

घरात आल्या आल्या तिनं तिकीट, सुटे पैसे आणि एक चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात: तिकीट इतके, पाण्याचा पाउच दोन, शिल्लक इतके. मी काही न सांगता! अभिमान वाटला. तपासलं, बरोबर होतं. सही करून परत दिली. विमलनं वही सोडली असेल, पोरीनं शिस्त सोडली नाही.

शेंगदाण्याची आमटी, भाकरी, कांदा असा बेत होता. ती म्हणाली, "पप्पा, तेल लई झालंय." मी म्हटलं, खा ग. मग तिला सगळं घर दाखवलं. दोन खोल्या दाखवायला अर्धा तास लावला. "काय पाह्यजे का तुला? सांग." तर म्हणाली, "काय न्हाई." तीन वेळा विचारलं, तीनही वेळा काही नाही. किती समजूतदार पोर आहे.

चारच्या बसनं गेली. दगडाबाईला ती आवडली. तिच्या ओसरीत बसून दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलत होत्या कोण जाणे, पण पोरगी तिथं हसत होती.

१९ मार्च, शनिवार

आज एक मोठी चूक केली, पण मजा आली. पोरीला तिच्या पुढच्या खेपेला ऊन लागू नये म्हणून केजहून कूलर आणला, साडेतीन हजारांचा. त्रिंबकनं छावणीच्या ट्रॅक्टरवर टाकून दिला. अंगणात उतरवताना दगडाबाई बाहेर आली.

"ह्याला काय लागतं?"

"पाणी," मी म्हणालो.

"किती?"

"चाळीस लिटर."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गावात टँकर सहाव्या दिवशी येतो. "मानसाला प्यायला न्हाई, अन् ह्या डबड्याला चाळीस लिटर पाजता व्हय बाबू?" म्हणाली आणि इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. मलाही हसू आवरेना. कूलर आता खोलीत उभा आहे, त्याच्यावर कपडे ठेवतो. विमलनं असं काही आणलं असतं तर मी वहीत काय शेरा मारला असता, या विचारानं थोडा वेळ अस्वस्थ वाटलं.

तेल या महिन्यातही जास्त लागलं. दुकान बदलून पाहिलं. तेच.

३ एप्रिल, रविवार

आम्रपालीचा दुसरा रविवार. आल्यापासून गप्प होती. चिठ्ठीत फक्त तिकीट. दुपारी पोट दुखतंय म्हणाली. मी ओवा दिला, उन्हाचं असेल. मग ती दगडाबाईकडं गेली, तिथून दुकानात जाऊन आली, परत आली ती सरळ मोरीत. "काय आणलंस?" विचारलं तर "काय न्हाई." चारची बस सोडून दोनच्याच बसनं गेली. मी पुरणपोळी करायला शिकलो होतो. डाळ शिजवून ठेवली होती.

४ एप्रिल, सोमवार

सकाळी दगडाबाईनं हाक मारली. ओसरीत जाऊन उभा राहिलो.

"बाबू, तुमच्या पोरीनं काल माझ्याकडून तीस रुपयं नेले."

मी चकित झालो. "कशाला? मी घरात होतो की!"

"बायकांचं आलतं तिला. अवचित. दुकानातून पॅड आनायला पैसं नव्हते."

मग राग आला. "मावशी, मी बाप आहे तिचा. मला मागितले असते तर मी दिले नसते का?"

"दिले असते," दगडाबाई म्हणाली. "पर कशाला म्हणून इचारलं असतं का न्हाई?"

विचारलं असतं. दोन रुपयांच्या पाण्याचं विचारतो, तीसचं विचारलंच असतं. वर चिठ्ठीत लिहायला लावलं असतं.

खिशातून तीस रुपये काढून देऊ लागलो. तिनं हात मागं घेतला. "ते म्या पोरीला दिलेत, तुमाला न्हाई."

५ एप्रिल, मंगळवार

छावणीत आज नोंद चुकली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्रिंबकनं दुरुस्त केली आणि काही विचारलं नाही.

घरी येऊन वह्या काढल्या. एक उघडली, दुसरी उघडली. इतर पंचवीस. इतर अठ्ठावीस. इतर तीस. दर महिन्याला. पुढं माझं लाल चिन्ह, काही ठिकाणी दोनदा गिरवलेलं. एका पानावर मी लिहिलंय: "सदर खर्चाचा तपशील द्यावा."

सदर खर्चाचा तपशील.

मी काय माणूस आहे?

९ एप्रिल, शनिवार

आज एक काम केलं. केजला मेडिकलमध्ये गेलो. गावात नको वाटलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभा राहिलो. मग म्हणालो, "बायकांचे पॅड द्या."

"कोणतं देऊ?"

"चांगलं."

"मोठं का साधं?"

मला काय माहीत! "दोन्ही द्या," म्हटलं. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं, जसं काही मी बंदूक नेतोय. बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मटन हाय का?"

घरी येऊन मोरीच्या कोनाड्यात नवा टॉवेल अंथरला, त्यावर दोन्ही पुडे ठेवले, नवा साबण ठेवला, वर स्वच्छ कापड टाकलं. दोनदा जागा बदलली. लग्नानंतर इतका आनंद कुठल्या खरेदीचा झाला नसेल. पण तिला सांगायचं कसं? सांगायचं की नाही सांगायचं? तिला ते आपोआप दिसावं, असं कोनाड्याचं कापड थोडं वर करून ठेवलं.

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती! केजला असा उत्सव मी जन्मात पाहिला नाही. निळे झेंडे, ढोल, म्हाताऱ्या बाया नाचताहेत, डोक्यावर ऊन आहे याची कुणाला फिकीर नाही. मिरवणुकीत पाण्याचा प्रश्न होता, म्हणून पोरांनी वर्गणी काढून जार ठेवलेले. त्या पाण्याच्या टेबलापाशी विमल आणि आम्रपाली ग्लास भरून देत होत्या. दोघी पांढऱ्या कपड्यांत. मी पाणी प्यायलो. जय भीम झाला.

आम्रपाली म्हणाली, "पप्पा, एक तारखेला मी येनार न्हाई."

"कावून?"

"अभ्यास हाय. दहावीचं वर्ष." माझ्याकडं न बघता म्हणाली आणि जार बदलायला गेली. परीक्षा परवा संपली तिची. सुट्टीत कसला अभ्यास?

मी विमलला जरा बाजूला बोलावलं. ती आली. ढोलामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि हे मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

"विमल, वहीत 'इतर' लिहायचीस, ते मला आत्ता कळलं. तू तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

तिच्या हातात ग्लास तसाच होता.

"सांगितलं होतं की. पहिल्याच वर्षी."

"मग मी काय म्हणालो?"

"तुमी म्हणलात, मग तसं नाव घालून लिही."

पुढचा ताफा आला आणि गर्दीनं आम्हाला वेगळं केलं.

मला हे आठवत नाही. दिवसभर आठवून पाहिलं. पण तिचं खोटं नाही. ते वाक्य माझंच आहे.

१ मे, रविवार

ती येणार नाही हे माहीत होतं. तरी साडेनवाची बस बघायला गेलो. मग साडेअकराची.

घरी येऊन उंबऱ्यावर बसलो. दगडाबाई तांब्या घेऊन आली. "घ्या. रांजनातलं हाय, गार." मी बघितलं तिच्याकडं. "बघता काय, प्या की." प्यायलो.

छावणीत अठराशे जनावरं.

३ मे, मंगळवार

आम्रपालीला पत्र लिहिलं. फोनवर मला जमणार नाही. पाच कागद फाडले. पाठवलेलं असं:

"आमू, तू येशील तेव्हा तिकीट, चिठ्ठी काही आणू नकोस. मी विचारणार नाही. सवयीनं विचारलंच, तर उत्तर देऊ नकोस, मी रागावणार नाही. दगडाबाईनं मला सांगितलं. तिच्यावर रुसू नकोस, तिनं मला सांगायलाच हवं होतं. चूक तुझी नाही, माझी आहे, आणि जुनी आहे. भाकरी आता फुगते. पप्पा."

पोस्टात टाकल्यावर वाटलं, भाकरीचं उगाच लिहिलं.

८ मे, रविवार

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल. मध्यंतरी पतसंस्थेनं आणखी दहा हजार दिले. त्यांतून दोन हजार विमलला पोचते केले, बाकी बँकेत टाकले. नवीन खातं उघडलं, फक्त माझ्या नावाचं. पासबुकावर पत्ता युसूफ वडगावचा! तो छापलेला पत्ता दगडाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझं घर गेलं म्हना की पुस्तकात."

तेलाचा आकडा पुन्हा मांडला. दुकानदारांचा काही दोष नव्हता. एका माणसाला सव्वा किलो लागतंच. मग विमल दोन किलोत तिघांचं कसं भागवत होती? तिच्या ताटात फोडणीची भाजी कधी पाहिल्याचं आठवत नाही. मला वाटायचं, तिला चटणी-भाकरीच आवडते.

१५ मे, रविवार

फोन वाजला! नंबर विमलचा, आवाज आमूचा.

"पप्पा, पौर्णिमेला येऊ का?"

"ये की! ये!" मी इतक्या जोरात ओरडलो की छावणीतली चार जनावरं उठून उभी राहिली.

"मम्मी पन येनार हाय. तिला तुमच्याशी बोलायचंय."

"येऊ दे! कोणत्या बसनं..." आणि तिथं थांबलो. "कधीबी या."

ती हसली. फोनवर नीट ऐकू आलं.

त्रिंबक विचारतोय काय झालं. त्याला सांगता येईना. त्याला मिठीच मारली. "उतरली का न्हाई सकाळची?" म्हणतो. मी आयुष्यात घेतली नाही!

२१ मे, शनिवार. बुद्धपौर्णिमा

सविस्तर लिहितो, एकही गोष्ट राहू नये.

दोघी साडेनवाला आल्या. दगडाबाईच दारात उभी राहून म्हणाली, "या बाई, आत या." विमल चप्पल काढून आत आली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. तिनं खोलीवरून नजर फिरवली. पातेल्यांवर, ड्रमवर, कूलरवर.

"ह्याच्यावर कपडे कावून ठेवलेत?"

मी कूलरची हकिगत सांगितली. तोंडावर हात ठेवून हसली. एकोणीस वर्षांत तिला मी कधी हसवलं होतं, आठवलं नाही.

मी खीर केली होती. वाट्या भरून दिल्या. तिच्या हातात मी वाटी दिली, तेव्हा तिनं ती क्षणभर नुसतीच धरली. मग खाल्ली, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. आमू मध्येच मोरीत हातपाय धुवायला गेली. लवकर बाहेर आली नाही. आली ती माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसली आणि माझ्याच वाटीतली खीर खाऊ लागली. विमलनं तिच्याकडं पाहिलं, मग उठून ती पण मोरीत जाऊन आली. तिचे डोळे लाल दिसत होते. चुलीचा धूर नाही, गॅस आहे घरात. ऊन लागलं असेल.

मग विमलनं सांगितलं. तिची मुख्यसेविका म्हणून निवड झाली आहे! अठरा वर्षं अंगणवाडीत काढून परीक्षा दिली होती. मला माहीतच नव्हतं. अभ्यास कधी करायचीस, विचारलं. "तुमी कारखान्यात गेल्यावर," म्हणाली. जूनच्या सहा तारखेपासून औरंगाबादला दोन महिने प्रशिक्षण. आमूला कुठं ठेवायचं हा प्रश्न. आजी धर्मापुरीला आहे, पण तिथून केजची शाळा फार लांब पडते.

"इथून बसनं शाळा जमती," विमल म्हणाली. "पर मी सांगनार न्हाई. तिला इचारा. तिनं ठरवायचं."

मी आमूकडं वळलो. इतकी वर्षं रोज हजेरी घेतली, पण एखाद्याच्या "हजर"साठी असा जीव टांगला नव्हता.

"राहशील?" मी विचारलं.

ती बराच वेळ जमिनीवरच्या फरशीची रेघ बोटानं गिरवत राहिली. मग म्हणाली, "राहीन. पर मला एक कपाट पाह्यजे."

"कपाट?"

"लोखंडी. कुलूप लागनारं. माझं सामान ठेवायला."

आतापर्यंत जेवढ्या वेळा विचारलं, पोरगी "काय न्हाई" म्हणत आली. आज तिनं मागितलं. आणि मागितलं ते साधंसुधं नाही, लोखंडी कपाट! मला इतका आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो. "केवढं पाहिजे? मोठं का लहान? आरशाचं का साधं?"

"तुमी असं उभं राहू नका, पप्पा," ती म्हणाली. "सांगते."

आमू सुट्टी म्हणून आजपासूनच इथं राहिली; विमल निघाली तेव्हा तिला स्टँडपर्यंत पोचवलं. बस येईपर्यंत मी म्हणालो, "विमल, अभिनंदन करायचं राहिलं."

"केलं की खीर करून," ती म्हणाली. बसमध्ये चढताना मागं वळून म्हणाली, "तेल जरा कमी घाला. पोरीला सोसत न्हाई."

२३ मे, सोमवार

कपाट आलं!

सकाळी छावणीतून अर्धी रजा घेतली. आमू आणि मी केजला गेलो. चार दुकानं फिरलो. तिनं प्रत्येक कपाटाचं दार उघडून, बंद करून, कान लावून आवाज ऐकला. दुकानदार वैतागले, मी नाही. तिला गडद निळं पसंत पडलं. आत तीन फळ्या, एक खण, दाराला आतून आरसा. किंमत पाच हजार आठशे. मी घासाघीस केली, ते सुटत नाही, पण तीनशेच कमी झाले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

टेम्पोवाला पाचशे मागत होता. त्रिंबकला फोन केला. तो छावणीचा चारा घेऊन त्याच रस्त्यानं येणार होता. बाहेरून आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या ढिगावर कपाट आडवं टाकलं आणि त्याला धरून आमू आणि मी वर बसलो. वाटेत माणसं थांबून बघत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "काय चाललंय?" आमूनं वरून ओरडून सांगितलं, "माझं कपाट!"

उतरवायला चौघे लागले. खिडकीजवळ ठेवलं. दगडाबाईनं ओलं फडकं आणून सगळं पुसलं, तिच्या रोजच्या पाण्यातलं पाणी घालून. मग आमूनं पिशवीतून आपलं सामान काढून ठेवायला सुरुवात केली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. काय काय ठेवतेय ते मला दिसत नव्हतं. दार लागल्याचा आवाज आला.

दुकानदारानं माझ्या हातात दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून घरातल्या मोठ्या माणसाकडं ठेवा, असं म्हणाला होता.

आत गेलो आणि दोन्ही तिच्याकडं दिल्या.